निळ्या काठाचा कप

विमल,

तुझे कप आता एकेक करून घराबाहेर चालले आहेत. सोसायटीतल्या बायका भेटायला येतात आणि उठताना अवघडून विचारतात, "काका, एखादा नेऊ का? आठवण म्हणून." मी म्हणतो, न्या. गॅलरीतला सदाफुलीचा कप तळमजल्यावर गेला. कान तुटलेल्या कपांत मेण ओतून तू केलेल्या मेणबत्त्या समोरच्या नव्या जोडप्याने नेल्या. बशीवर आडवा चिकटवलेला तो कप, ज्यातून रंगीत खडे सांडल्यासारखे दिसतात, तो कोणी न्यायचा यावरून दोघींची थोडी कुजबुज झाली. मला हसू आलं आणि ते तुला सांगायला मी स्वयंपाकघराकडे वळलो. असं अजून होतं. आपली सायली म्हणते, काही दिवस होणारच.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, सगळे तुझ्याबद्दल बोलले. मलाही म्हणाले, चार शब्द बोला. मी उभा राहिलो आणि परत बसलो. लोकांना वाटलं, मी गहिवरलो. गहिवरलो होतोच, पण बसलो त्याचं कारण वेगळं होतं. माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते भांडण होतं, आणि घरातलं भांडण चारचौघांत काढायची आपली पद्धत नाही. म्हणून आता बोलतो.

बालवाडीतून निवृत्त झालीस आणि तुला हा नाद लागला. प्रत्येक घरात बश्या फुटून मागे उरलेला एखादा कप असतोच, असं तू म्हणायचीस. लोक तो टाकतही नाहीत आणि पाहुण्यांपुढे आणतही नाहीत. धायरीत आपल्या आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या. तरुण मुलंमुली तिथे राहायला यायची, घर घेण्यातच दमून जायची, आणि भिंती मोकळ्याच राहायच्या. तू त्यांना सांगायचीस, जुने कप फेकू नका, इकडे घेऊन या. मग दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तुझा तो वर्ग. खराडीच्या कंपन्यांत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या मुली खाली मांडी घालून कपांना लोकर गुंडाळत बसायच्या आणि तू त्यांच्यावर बालवाडीतल्यासारखीच डाफरायचीस.

रोपाचं पाणी निचरायला कपाच्या तळाला भोक पाडायचं काम मात्र आपण दोघं करायचो. टॉवेलाची घडी, तिच्यावर पालथा कप, कपावर चिकटपट्टी. ड्रिल तुझ्या हातात आणि पाण्याचा तांब्या माझ्या. मी बारीक धार धरायची, म्हणजे चिनी माती तापून तडकत नाही. माझं लक्ष जरा हललं की तू म्हणायचीस, "अहो, धार." एवढंच. आपल्या संसारातलं सगळ्यात शांत काम तेच असावं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एकमेकांशी न बोलता काही करता येणं मला फार आवडायचं. हे तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, धार सांभाळा.

भांडण त्या कपावरून आहे, ज्याला तू भोक पाडू दिलं नाहीस.

आपण अकोल्याहून पुण्यात आलो तेव्हा नारायण पेठेतली ती मागची खोली मिळाली, हीच मोठी गोष्ट वाटली होती. माझी पाटबंधारे खात्यातली नोकरी नवी, तू पहिलटकरीण. आपल्या आडनावावरून कोणाला काही कळत नसे. घरमालकीणबाई तुला रोज दुपारी खाली बोलवायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या मुलीशेजारी बसून तू चहा घ्यायचीस, आणि मी कचेरीतून आलो की त्यांनी काय काय सांगितलं ते मला ऐकवायचीस. त्या तुला लोणच्याची बरणी देत होत्या, बाळंतपणाला काय खावं ते सांगत होत्या. मग एकदा त्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला वर आल्या आणि त्यांना भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसली. खोली छान लावलीय हो, एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

चहा बंद झाला नाही. चहा चालूच राहिला, कप बदलला. निळ्या काठाचा, जरासा जाड, बाकीच्या कपांशी न जुळणारा. तो कप मागच्या खिडकीत बाहेरच्या बाजूला असायचा. चहा झाला की तू अंगणातल्या नळावर तो विसळायचीस आणि परत खिडकीत पालथा ठेवायचीस. तुला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं नळाकडे पाहिलं होतं.

हे तू मला बऱ्याच दिवसांनी सांगितलंस. मी चपला घातल्या. तू दारात उभी राहिलीस, पोटावर हात ठेवून, आणि म्हणालीस की मला आता घर शोधत फिरायची ताकद नाही. मी चपला काढल्या. मग निदान खाली जाऊ तरी नकोस, असं मी म्हटलं. त्यावर तू जे बोललीस ते मला आजही नीट पेलत नाही. म्हणालीस, "मी गेले नाही तर त्यांना कळेल की मला समजलं. ते मला त्यांना कळू द्यायचं नाही." आणि तू जात राहिलीस. त्यांची मुलगी अनघा तेव्हा शाळकरी होती. ती शाळेतून आली की उलट आपल्याकडे वर यायची, तुझ्या ताटातली भाकरी आणि ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि अजून मागायची. खाली सांगू नको, असं तू तिला कधी म्हणाली नाहीस. तिला ते आपोआपच कळत असावं.

सायली रांगायला लागली आणि आपल्याला सरकारी क्वार्टर मिळालं. पुढे धायरीचं हे घर झालं. अनघाने मात्र तुला सोडलं नाही. तिच्या लग्नाला तू एकटी गेलीस. तिच्या मुलांना तू कपातली रोपं नेऊन दिलीस. मी त्या घराच्या गल्लीतूनसुद्धा कधी गेलो नाही. लक्ष्मी रोडला काही काम निघालं तरी मी लांबून जायचो. तुला ते माहीत होतं आणि तू त्याबद्दल काही म्हणायची नाहीस.

मग त्यांचं नारायण पेठेतलं घर पाडून तिथे नवी इमारत व्हायचं ठरलं. अनघा तिच्या आईला कर्वेनगरला स्वतःकडे घेऊन गेली, आणि एका दुपारी गाडीतून कपांनी भरलेलं एक खोकं आपल्याकडे पोचवून गेली. आपण जमिनीवर वर्तमानपत्र पसरून खोकं उघडलं. फुलांचे कप, सोनेरी रेघांचे कप, स्टीलचे दोन पेले. आणि तळाशी तो. मी लगेच ओळखला. मी तो कप तेव्हा बहुतेक एकदाच, खिडकीत पालथा पाहिला होता, तरी ओळखला.

मी विचारलं, हा इथे कसा. तू म्हणालीस, खोक्यात आला असेल. आणि तो घासायला घेतलास. मी म्हटलं, फेकून दे. आत्ताच्या आत्ता फोड आणि फेक. तू मान वर न करता घासत राहिलीस. चिडलीस किंवा अगदी खरं बोलायचं असलं की तुझी वऱ्हाडी बाहेर पडायची, तशी ती पडली.

"काहून फेकू? माझा कप आहे. त्यातून दुसरं कोणी पेलंच नाही."

मला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही.

नंतर तू बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर एक छोटी फळी ठोकून घेतलीस आणि तिच्यावर तो एकटाच कप ठेवलास. ना त्यात रोप, ना मेण, ना खडे. घरातल्या प्रत्येक कपाचं तू काही ना काही केलंस, याचं काही केलं नाहीस. मी म्हटलं, निदान भोक पाडून त्यात काही लाव, म्हणजे तो कप तरी राहणार नाही. नाही म्हणालीस. मग मी म्हणू नये ते म्हणालो, की तू आपला अपमान भिंतीवर टांगलायस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आहेस. तू शांतपणे म्हणालीस, "अपमान माझा होता. तुम्ही कचेरीत होता. तुम्हाला तो मी फक्त सांगितला."

त्या दिवसानंतर मी त्या सोफ्यावर बसायचं सोडलं. समोरच्या खुर्चीवर बसायचो, पण तिथून तो कप सरळ डोळ्यांसमोर यायचा, म्हणून खुर्ची खिडकीकडे वळवली. वर्गातल्या मुली तुला विचारायच्या, काकू, हा असा साधाच का ठेवलाय. तू एकीला सांगितलंस, जुना आहे. दुसरीला सांगितलंस, अजून सुचलं नाही. मी आतून ऐकायचो. ते खरं होतं का, विमल? तुला खरोखरच काही सुचायचं होतं का? मी वाट पाहत होतो. मला वाटायचं, एक दिवस तू मला हाक मारशील, अहो, धार धरा, आणि आपण दोघं मिळून त्याचं काहीतरी करून टाकू आणि भांडण मिटेल.

त्या सकाळी मी दूध आणायला गेलो होतो. आलो तेव्हा तू गॅलरीत भिंतीला टेकून बसली होतीस आणि झारी शेजारी आडवी पडली होती. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. सांत्वनाला येणारे सगळे आता तेच वाक्य म्हणतात. मला ते आवडत नाही. तुला सगळं कळायचं.

मागच्या आठवड्यात अनघा आली. ती विधीलाही आली होती, पण तेव्हा मागे बसून गेली. या वेळी दुपारी एकटी आली. सायली घरीच होती, तिचं ऑफिसचं काम सध्या ती इथूनच करते. अनघा नेमकी त्या सोफ्यावर बसली. वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मी मनाशी म्हटलं, आता हिला सांगून टाकावं की हा कप कोणता. इतकी वर्षं मला त्या घरातल्या कोणाला तरी सांगायचंच होतं. मी सांगायला सुरुवात केली आणि तिने मला मध्येच थांबवलं.

"काका, मला माहीत आहे," ती म्हणाली. "तो विमलताईंनीच मागून घेतला होता."

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. घर रिकामं करतायत हे कळल्यावर तू तिला फोन केला होतास. निळ्या काठाचा एक कप मागच्या खिडकीत असायचा, सापडला तर मला दे, असं म्हणाली होतीस. अनघाला तो माळ्यावर सापडला. बाकीचे कप तिने त्याच्यासोबत दिले ते एकटा कसा द्यायचा म्हणून. म्हणजे ते खोकं त्या कपासाठी आलं होतं, आणि तू मला म्हणालीस, खोक्यात आला असेल.

मला वाटलं एवढंच असेल. पण अनघा पदराला डोळे पुसून पुढे बोलायला लागली. खोकं पोचवल्यावर काही दिवसांनी तू कर्वेनगरला तिच्याकडे गेली होतीस. तिच्या आईला भेटायला. मालकीणबाई आता खुर्चीत बसून असतात. त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, स्वतःच्या मुलीलाही त्या कधी बाई म्हणतात, कधी मावशी. तू त्यांच्याजवळ बसलीस. नाव सांगितलंस, मागची खोली सांगितलीस, अंगणातला नळ सांगितलास, लोणच्याची बरणी सांगितलीस. त्या नुसत्या हसत होत्या. मग तू पर्समधून नॅपकिनात गुंडाळलेला तो कप काढलास आणि त्यांच्या हातात दिलास.

"आईने तो फिरवून फिरवून पाहिला," अनघा म्हणाली. "मग एकदम माझ्याकडे बघून रागावली. म्हणाली, हा आत कोणी आणला? हा वेगळा ठेव. आपल्यात मिसळू नको."

मी अनघाला विचारलं, विमल काय म्हणाली.

"म्हणाल्या, हो काकू, वेगळाच ठेवते. आणि परत गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मी रडायला लागले तर मलाच म्हणाल्या, बस, चहा गार होतोय. जाताना दारात मला सांगितलं, काकांना यातलं काही सांगू नकोस, त्यांना त्रास होतो."

फळी त्यानंतर बसली की त्याआधी, हे मला कितीही आठवून आठवत नाही.

सायली आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण तिला सांगायचं नाही असं तुझं म्हणणं होतं. यावरूनही आपलं वाजलं होतं. मी म्हणायचो, तिला कळलं पाहिजे आपण कुठून आलो. तू म्हणायचीस, कुठून आलो ते सांगा की, अकोल्याहून आलो. अनघा गेल्यावर सायलीने फळीवरून कप काढला आणि हातात धरून बसली. मग म्हणाली, "पप्पा, मम्मी या सगळ्याशी ओके होती का?"

मी म्हटलं, माहीत नाही. एका घरात राहून, एका ताटात जेवून मला हे माहीत नाही, हे मुलीसमोर म्हणणं सोपं नव्हतं, पण तेवढंच खरं होतं. तिने विचारलं, हा मी खराडीला नेऊ का, माझ्या घरी. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती तुझ्याच सुरात म्हणाली, "मम्मी तुम्हाला विचारून करायची का काही?" आणि तिने तो तिच्या ओढणीत गुंडाळून बॅगेत ठेवला. ती त्याचं काय करणार आहे मला माहीत नाही. तिथे येणाऱ्या तिच्या मैत्रिणींना ती काय सांगेल, तेही नाही.

अनघा जाताना म्हणाली होती, काका, तुम्हाला यायचं असेल तर या, आई असते घरी. मी बघतो म्हणालो. विमल, मी ते भांडण इतकी वर्षं मनात जपलं. त्यातली वाक्यं घासून घासून तयार ठेवली होती. आता ज्यांच्याशी भांडायचं त्यांना माणसं आठवत नाहीत, नुसता कप आठवतो. आणि जिच्यासाठी भांडायचं ती स्वतःच जाऊन आली, मला न सांगता. तू तिथे काय मागायला गेली होतीस? त्यांनी एकदा तुला ओळखावं, एवढंच? की आमच्या सगळ्यांपेक्षा वेगळं काही तुझ्या मनात होतं? मी जवळ असतो तर मी मोठ्याने बोललो असतो, अनघाला तोडलं असतं, त्या म्हातारीला कळणार नाही असं काहीतरी सुनावलं असतं. ते तू ओळखून होतीस. माझ्या रागापासून तू त्या घराला वाचवलंस की मला, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तुझ्या मनाचा हा मोठेपणा मला दिसतो आणि तरीही मला तुझा राग येतो, की तो घाव घेऊन तू बसमध्ये एकटी बसलीस.

मी अनघाला फोन करून तो दिवस कोणता होता ते विचारलं. तिलाही नीट आठवत नाही. दुपारची वेळ होती, एवढं म्हणाली. म्हणजे तू राजाराम पुलावरून सिंहगड रोडला आली असशील, तिथून धायरीची बस धरली असशील. घरी पोचायला संध्याकाळ झाली असेल. मी पेपर घेऊन बसलो असेन. कुठे गेली होतीस, असं विचारलं असेन आणि तू म्हणाली असशील, जरा बाहेर. मग हातपाय धुऊन तू चहा टाकला असशील. माझा कप माझ्या हातात दिला असशील. मी तो प्यायलो असेन, आणि माझी सवय तुला माहीत आहे, आज आलं कमी पडलं असंही काहीतरी म्हणालो असेन.

ती संध्याकाळ कोणती, विमल? मी एकेक आठवून पाहतो. सगळ्या सारख्याच दिसतात.